ड्रायव्हर गेटवर असला पाहिजे

ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने निघून कशेळीचा पूल ओलांडला आणि काल्हेर मागे पडलं की पूर्णा गाव लागतं. एके काळी इथे भातशेती होती. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. त्यांचं मूळ कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची. म्हणून व्यापारी हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या गावांत माल उतरवून ठेवत आणि मागणी येईल तसा शहरात नेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. बंदर, नाशिकचा महामार्ग आणि मुंबई-ठाण्याची बाजारपेठ सगळं इथून हाताशी आहे. घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्याही मग याच पट्ट्यात आल्या.

या गोदामांत बोलायची भाषा बहुतेक हिंदी असते. गावातल्या आगरी घरांत मराठी, कामगारांच्या खोल्यांत भोजपुरी, उर्दू, आणि भिवंडी शहरात मागावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगू. लिहायची वेळ आली की मात्र इंग्रजी. गेटवरची सूचना इंग्रजीत, इनवर्डचं रजिस्टर इंग्रजीत, ई-वे बिल इंग्रजीत, तक्रारीची मेल इंग्रजीत. दहावी-बारावी झालेला मराठी मुलगा सुपरवायझर म्हणून लागतो तेव्हा त्याला कादंबरीतलं इंग्रजी लागत नाही. काय करायचं, काय करायचं नाही, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच त्याला इंग्रजीत नेमकं मांडायचं असतं. म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल, विल ही क्रियापदं आणि त्यांच्या मागेपुढे येणारी नामं नि प्रिपोझिशन्स.

शाळेत ही क्रियापदं अर्थाच्या यादीने शिकवतात. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सल्ला. बारावीच्या प्रश्नपत्रिकेतही ‘सक्ती दाखवणारं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा’ अशा तऱ्हेचा प्रश्न असतो आणि मुलं तो बरोबर सोडवतात. अडचण अर्थाची नाहीच. ‘मस्ट’चा अर्थ कळूनही वाक्य बिघडतं, कारण सक्ती, शक्यता, परवानगी या गोष्टी मराठी वाक्यात एका जागी नोंदवते आणि इंग्रजी दुसऱ्याच. मराठीत त्यांची खूण नामावर उमटते. इंग्रजीत नाम कोरडंच राहतं, आणि सगळा भार शब्दांच्या क्रमावर आणि प्रिपोझिशनवर पडतो.

अगदी ओळखीच्या पाटीपासून सुरुवात करू. ‘हेल्मेट इज मस्ट.’ भारतभर हे वाक्य दिसतं आणि सगळ्यांना कळतं. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने ते एका अक्षराने अधुरं आहे: ‘हेल्मेट इज अ मस्ट’ असं हवं. इथे ‘मस्ट’ क्रियापद उरलेलं नाही, ते नाम झालं आहे, ‘अनिवार्य गोष्ट’ या अर्थाचं, म्हणून त्याला ‘अ’ लागतो. कुणासाठी अनिवार्य ते सांगायचं तर पुढे ‘फॉर’ येतो: ‘अ मस्ट फॉर ऑल व्हिजिटर्स’. क्रियापदच ठेवायचं असेल तर त्याच्यापुढे दुसरं क्रियापद आणावंच लागतं: ‘हेल्मेट्स मस्ट बी वोर्न’. ‘मस्ट हेल्मेट’ असं इंग्रजीत होतच नाही.

मराठी माणसाला हे खटकत का नाही? कारण आपलं ‘पाहिजे’ थेट नामावर बसतं. ‘हेल्मेट पाहिजे’ म्हटलं की वाक्य पूर्ण. ‘हेल्मेट घातलं पाहिजे’ हेही पूर्ण. एकच शब्द वस्तूही मागतो आणि क्रियाही. जुन्या मराठीत क्रियापदाला ‘इजे’ लागून कर्मणी रूप व्हायचं: करिजे, बोलिजे, म्हणिजे. ‘म्हणिजे’चं पुढे ‘म्हणजे’ झालं. ‘पाहिजे’ त्याच साच्यातलं आहे. ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’ हा त्याचा मूळ भाव. जी वस्तू शोधली जाते ती हवी असते. या जन्मखुणेमुळेच वस्तू अनेक झाल्या की आपण आजही ‘पाहिजेत’ म्हणतो. ‘मला दोन माणसं पाहिजेत’ या वाक्यात कर्ता ‘मी’ नाही, माणसं आहेत.

इंग्रजीतही एके काळी असंच होतं, आणि ही गोष्ट शाळेत सांगितली तर मुलांना मोडल क्रियापदं इतकी परकी वाटणार नाहीत. आजचं ‘कॅन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘कुन्नन’, जाणणे. ‘शॅल’ म्हणजे ‘स्कुलन’, देणं लागणे. ‘मे’ म्हणजे ‘मागन’, अंगात बळ असणे. त्याच मुळातून आलेलं ‘माइट’ हे नाम अजूनही ताकद या अर्थाने वापरात आहे. ‘विल’ म्हणजे इच्छा असणे. ही सगळी तेव्हा पूर्ण क्रियापदं होती. ‘मी लॅटिन कॅन’ म्हणजे मला लॅटिन येतं, ‘मी तुला दहा नाणी शॅल’ म्हणजे मी तुझी दहा नाणी देणं लागतो, अशा धर्तीची वाक्यं चालत. नाम थेट पुढे यायचं. शेक्सपिअरच्या काळातही ‘आय मस्ट टू लंडन’ या वळणाचं वाक्य चालायचं. जाणं हे क्रियापद नाही, नुसतं प्रिपोझिशन आणि गावाचं नाव, तरी ‘मला लंडनला निघायला हवं’ हा अर्थ लागायचा. जर्मनीत हे अजून जिवंत आहे. जर्मन माणूस ‘इश कान डॉइच’ म्हणतो, शब्दशः ‘मी जर्मन शकतो’. आजच्या इंग्रजीने ही वाट बंद केली. मोडलच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप आलंच पाहिजे, नाम आणि प्रिपोझिशन त्यानंतर. या क्रियापदांना ‘ही’, ‘शी’बरोबर एस न लागण्याचं कारणही त्यांच्या वयात आहे. ‘विल’ सोडलं तर त्यांची वर्तमानकाळी रूपं मुळात जुन्या भूतकाळी रूपांसारखी घडलेली होती, आणि भूतकाळी रूपाला एस लागत नाही.

मराठीत ‘कॅन’ची ती जुनी चाल ‘येणे’ने सांभाळली आहे. ‘मला इंग्रजी येतं.’ ‘मला फोर्कलिफ्ट चालवता येते.’ पहिल्यात नाम, दुसऱ्यात क्रिया, क्रियापद तेच. यात भिवंडीपुरती एक सुंदर गोष्ट आहे. पद्मशाली घरातला माणूस तेलुगूत म्हणेल, ‘नाकु तेलुगु वच्चु’. ‘नाकु’ म्हणजे मला, ‘वच्चु’ हे येण्याचं रूप: मला तेलुगू येतं. हेच ‘वच्चु’ क्रियापदाला जोडलं की ‘वेळ्ळवच्चु’, म्हणजे जाता येईल, जायला हरकत नाही. मराठी आणि तेलुगू या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा, पण शतकानुशतकं शेजारी, आणि दोघींनी ‘येण्या’तून शक्यता घडवली, नामासाठीही आणि क्रियेसाठीही. पूर्ण्याच्या गोदामात मराठी सुपरवायझर आणि तेलुगू घरातला हिशेबनीस इंग्रजी वाक्य जुळवताना एकाच जागी अडखळले तर त्यात नवल नाही. दोघांच्याही भाषेत शक्यता माणसाकडे ‘येते’, आणि माणूस चतुर्थीत बसून तिची वाट पाहतो. इंग्रजीत माणूस प्रथमेत ठाम उभा असतो: ‘आय कॅन’.

आता ‘टू’कडे येऊ. ‘ड्रायव्हर मस्ट टू साइन’ ही चूक फार ऐकू येते. इतर भाषांचे लोकही ती करतात, पण मराठी माणसाजवळ तिचं स्वतःचं कारण आहे. ‘ड्रायव्हरने सही करायला पाहिजे’ यातलं ‘करायला’ नीट पाहा. ‘करणे’ या क्रियेचं नाम केलं आणि त्याला ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय लावला. इंग्रजी ‘टू साइन’मधला ‘टू’सुद्धा मुळात प्रिपोझिशनच. जुन्या इंग्रजीत ‘टू’ लागला की पुढच्या क्रियापदाचं चतुर्थीतल्या नामासारखं रूप व्हायचं. थोडक्यात ‘टू साइन’ आणि ‘सही करायला’ यांची बांधणी सारखी आहे, आणि मराठी कानाला ‘करायला’ ऐकलं की ‘टू’ आठवणं अगदी स्वाभाविक आहे. पण कॅन, मस्ट, शुड ही मंडळी या ‘टू’च्या पद्धतीहून जुनी. त्यांच्यापुढे उघडं क्रियापद यायचं ते आजही उघडंच येतं. ज्या रचना नंतर घडल्या, ‘हॅव टू’, ‘नीड टू’, त्यांनी ‘टू’ बरोबर आणला. म्हणून ‘मस्ट साइन’ पण ‘हॅज टू साइन’.

याच वाक्यात पुढे एखादं प्रिपोझिशन आलं की आणखी एक पेच पडतो. ‘सही केल्याशिवाय गाडी नेऊ नये’ याचं इंग्रजी ‘मस्ट नॉट लीव्ह विदाउट साइनिंग’. ‘मस्ट’ला उघडं क्रियापद चालतं, म्हणून ‘लीव्ह’. ‘विदाउट’ हे प्रिपोझिशन आहे, त्याला नामच लागतं, म्हणून क्रियेला ‘इंग’ लावून नाम करावं लागलं. पाच शब्दांच्या वाक्यात दोन क्रिया आहेत आणि दोघींचे पोशाख वेगळे, कारण एकीच्या मागे मोडल आहे आणि दुसरीच्या मागे प्रिपोझिशन. मराठीत ‘केल्याशिवाय’ म्हणतानाही आपण क्रियेचं नामासारखं रूप करूनच ‘शिवाय’ जोडतो. हे मुलांच्या लक्षात आणून दिलं तर ‘विदाउट साइन’ असं लिहिणं आपोआप कमी होईल.

या सगळ्या विषयाचा गाभा मला वाटतो तो कर्त्याच्या विभक्तीत. गोदामातलीच एक जड पेटी घेऊ.

मी पेटी उचलू शकतो. मला पेटी उचलता येते. मला पेटी उचलावी लागते. त्याने पेटी उचलली पाहिजे. माझ्याने पेटी उचलवत नाही.

मी, मला, त्याने, माझ्याने. माणसाचा त्या कामाशी संबंध बदलला की त्याची विभक्ती बदलते. ‘मी उचलू शकतो’मध्ये बळ आणि निर्णय माझा, म्हणून मी प्रथमेत. ‘मला उचलावी लागते’मध्ये काम माझ्यावर येऊन पडलं आहे, म्हणून चतुर्थी. ‘त्याने उचलली पाहिजे’मध्ये तो करणारा आहे पण अपेक्षा दुसऱ्याची आहे, म्हणून ‘ने’. आणि ‘माझ्याने उचलवत नाही’मध्ये मन तयार असलं तरी शरीर साथ देत नाही. मराठी व्याकरणात ‘उचलवणे’, ‘चालवणे’ (चालू शकणे या अर्थी) अशा रूपांना शक्य क्रियापद म्हणतात, आणि त्यांची खुमारी इंग्रजीत एका शब्दात आणता येत नाही. शिवाय यांतल्या बऱ्याच वाक्यांत क्रियापद पेटीच्या मागे जातं: उचलता येते, उचलावी लागते, उचलली पाहिजे. पेट्या दोन झाल्या तर उचलल्या पाहिजेत. इंग्रजीत या पाचही वाक्यांत माणूस ‘आय’ किंवा ‘ही’च राहतो आणि पेटी एक असो की शंभर, ‘मस्ट’ हलत नाही.

‘शकणे’ आणि ‘येणे’ यांतला फरकही इंग्रजीत झाकला जातो. ‘मला फोर्कलिफ्ट चालवता येते’ म्हणजे मी ती शिकलेलो आहे. ‘मी फोर्कलिफ्ट चालवू शकतो’ म्हणजे मी शिकलेलो आहे आणि आत्ता तसा मोकळाही आहे. ‘कॅन’ दोन्हीकडे लागतो. गोदामात हा फरक कामाचा आहे, कारण येणारा माणूस उपलब्ध असेलच असं नाही.

आता शीर्षकातलं वाक्य. ‘द ड्रायव्हर मस्ट बी ॲट द गेट.’ हे वाक्य इंग्रजीत दोन अर्थांचं आहे. एक, ड्रायव्हरला गेटवर थांबण्याची सक्ती आहे. दोन, ड्रायव्हर कुठे दिसत नाही, तेव्हा तो बहुधा गेटवर असणार. नाम, मोडल, प्रिपोझिशन, सगळं जसंच्या तसं. अर्थ प्रसंगावरून काढायचा. मराठीत हे दोन अर्थ एका प्रत्ययाने वेगळे होतात. ‘ड्रायव्हरने गेटवर असलं पाहिजे’ हा नियम झाला. ‘ड्रायव्हर गेटवर असला पाहिजे’ हा अंदाज झाला. ‘ने’ लागला की तो माणूस जबाबदार करणारा ठरतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी ‘असलं’ होतं. ‘ने’ काढला की तो नुसता असण्याचा धनी उरतो आणि क्रियापद त्याच्याशी जुळून ‘असला’ होतं. कुणीही आपल्याला हे शिकवलेलं नसतं. आई ‘मुलाने सातला घरी असलं पाहिजे’ म्हणते तेव्हा तो घरातला नियम असतो. ‘मुलगा आतापर्यंत घरी असला पाहिजे’ म्हणते तेव्हा ती अंदाज करत असते, आणि हा फरक पोरालाही कळतो.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हा आधार सुटतो, कारण वस्तूला असा ‘ने’ लागत नाही. ‘किल्ली ड्रॉवरमध्ये असली पाहिजे’ हे मराठीतही दुहेरी: ती तिथेच ठेवायचा नियम, किंवा ती तिथे असेल हा तर्क. इंग्रजीत माणसाच्या बाबतीतही जे होतं ते आपल्याकडे वस्तूच्या बाबतीत होतं. म्हणूनच इंग्रजीत नियम लिहिताना सरावलेले लोक ‘मस्ट बी’च्या जागी ‘मस्ट वेट ॲट द गेट’, ‘मस्ट बी केप्ट इन द ड्रॉवर’ असं करण्याचं किंवा ठेवण्याचं क्रियापद घालतात. क्रिया आली की अंदाजाचा अर्थ गळून पडतो. पूर्ण्यातल्या सुपरवायझरला इंग्रजीत सूचना लिहायला शिकवायची झाली तर मी पहिला धडा हाच देईन: नियम असेल तर ‘मस्ट’नंतर नुसता ‘बी’ आणि जागा लिहू नकोस, माणसाने काय करायचं ते लिही.

वेळेच्या प्रिपोझिशनवर तर रोज पैसे अडकतात. ‘सहापर्यंत गाडी खाली झाली पाहिजे.’ ‘सहापर्यंत गाडी खाली करता येईल.’ दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’ म्हणतो. पहिल्यात सहा ही मुदत आहे: पाचला झालं तरी चालेल, सातला झालं तर नाही. दुसऱ्यात सहापर्यंतचा सगळा वेळ मोकळा आहे: तोवर डॉक चालू आहे, तुम्ही कधीही या. मराठीत हा भेद ‘झाली पाहिजे’ आणि ‘करता येईल’ या क्रियापदांनी केला, म्हणून ‘पर्यंत’ला वेगळं व्हायची गरज पडली नाही. इंग्रजीत तो प्रिपोझिशनमध्येही करावा लागतो. ‘मस्ट बी अनलोडेड बाय सिक्स’, पण ‘कॅन बी अनलोडेड टिल सिक्स’. मराठी मनातून आलेलं ‘मस्ट रीच टिल सिक्स’ वाचून परदेशी ग्राहकाला क्षणभर कळत नाही की गाडी सहाला पोचायची आहे की सहापर्यंत पोचतच राहायची आहे. सोपी कसोटी अशी: मनातल्या वाक्यात ‘सहाच्या आत’ म्हणून अर्थ बदलत नसेल तर ‘बाय’. ‘सहा वाजेस्तोवर’ म्हणून अर्थ बदलत नसेल तर ‘टिल’.

‘बाय’ला दुसरंही काम आहे, करणारा दाखवण्याचं, आणि दोन्ही ‘बाय’ एकाच सूचनेत येऊ शकतात: ‘द सील मस्ट बी चेक्ड बाय द गार्ड बाय सिक्स’. पहिला गार्ड करणारा, दुसरी सहाची मुदत. मराठी सरकारी भाषेने या इंग्रजी कर्मणी वळणाची फार नक्कल केली. ‘सुरक्षारक्षकांकडून सीलची तपासणी करण्यात यावी’ असं आपण लिहितो, तेव्हा ‘सुरक्षारक्षकाने सील तपासावं’ हे तीन शब्दांचं, उभं राहणारं वाक्य हातात असतं. ‘ने’ आणि ‘वं’ या दोन प्रत्ययांत करणारा आणि अपेक्षा दोन्ही आली. मला ‘करण्यात यावी’ टाळावंसं वाटतं ते सौंदर्यासाठी नव्हे, तर त्यात करणारा माणूस वाक्यातून गळून जाण्याची सोय आहे म्हणून.

नकाराकडे वळलं की नाम आणि मोडल यांची गाठ आणखी घट्ट दिसते. ‘कोणीही आत येऊ नये.’ याचं शब्दशः इंग्रजी ‘एनीबडी शुड नॉट एन्टर’, आणि ते चूक आहे. इंग्रजीत ‘एनी’ नकाराच्या मागून यावा लागतो. तो वाक्याच्या तोंडाशी असेल तर नकारच नामात शिरतो: ‘नोबडी मे एन्टर’, ‘नो पर्सन शॅल एन्टर’. मराठीत नामाला चिकटणारा असा नकार नाही. आपला नकार क्रियापदापाशी बसतो आणि नामापाशी ‘ही’ येतो: कोणीही, कोणतीही, कुणालाही. भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचं इंग्रजी वाक्य ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड’ असं सुरू होतं, नकार पहिल्याच शब्दात. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या ३४ व्या कलमातही तीच रचना होती: इजा होण्याजोगं जड ओझं उचलायला कोणत्याही माणसाला कामावर लावता येणार नाही, हे इंग्रजीत ‘नो पर्सन शॅल’नेच सांगितलं होतं. दोन्ही ठिकाणी ‘शॅल’ भविष्यकाळ सांगत नाही, मनाई सांगतो. मराठीत तोच अर्थ आणायचा तर ‘कोणत्याही व्यक्तीला’ने आरंभ करून वाक्याच्या शेवटी ‘नाही’पर्यंत थांबावं लागतं. मनाईचा धक्का इंग्रजीत आधी बसतो, मराठीत शेवटी.

‘नये’ची ताकद इंग्रजीत नेताना सांभाळावी लागते. ‘येथे वाहने उभी करू नयेत’ ही मराठीत मनाईच आहे. ‘शुड नॉट’ केलं की ती इंग्रजीत सल्ल्याइतकी पातळ होते. ‘मस्ट नॉट’ हवं. उलट ‘मस्ट नॉट’चा अर्थ ‘गरज नाही’ असा कधीच होत नाही. ‘दुसऱ्या प्रतीवर सही करावी लागणार नाही’ याला ‘नीड नॉट’ किंवा ‘डू नॉट हॅव टू’. ‘मस्ट नॉट साइन’ लिहिलं तर सही करणं गुन्हा ठरतो. आणि ‘होता कामा नये’ या आपल्या सगळ्यांत कडक मनाईत तर चक्क एक नाम दडलेलं आहे. ‘नये’ म्हणजे ‘न ये’, येत नाही. ‘कामा’ म्हणजे कामाला. ‘उशीर होता कामा नये’ म्हणजे उशीर होणं कामाला येत नाही, चालणार नाही. क्रियापद, नाम, विभक्ती आणि नकार यांनी मिळून एक मोडल घडवला, आणि तो इतका एकजीव झाला की आतलं ‘काम’ आता कुणाला दिसत नाही.

कायद्याबाहेरही मोडलच्या वजनाला अधिकृत मोल आहे. आयएसओच्या मानकांचे मसुदे लिहायच्या नियमांत ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता असं ठरवून दिलं आहे. गुणवत्तेचं प्रमाणपत्र घेणाऱ्या गोदामाचं ऑडिट होतं तेव्हा ‘शॅल’ असलेलं वाक्य पाळलं नाही तर उणीव नोंदली जाते. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात कायदे लिहिणारे लोक अलीकडे ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ लिहितात, कारण सामान्य माणसाला ‘शॅल’चा आदेश भविष्यकाळासारखा वाटतो. भारतात जुनी रीत टिकून आहे, आणि ‘मे’ म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी की कर्तव्य, यावर न्यायालयांत वाद होत आले आहेत.

शेवटचा मुद्दा मोडल क्रियापदं नसलेल्या वाक्यांचा, कारण गोदामाच्या कागदांत तीच जास्त. सक्ती आणि परवानगी नामांतही भरता येते, आणि मग सगळं ओझं प्रिपोझिशनवर जातं. मराठीत कामाची गरज, कामाची परवानगी, कामाची जबाबदारी, कामाची शक्यता: एका ‘ची’वर सगळं भागतं. इंग्रजीत ‘नीड फॉर’, ‘परमिशन फॉर’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर’, पण ‘पॉसिबिलिटी ऑफ’. माणसाच्या बाजूला मात्र मराठी चोखंदळ आहे: गरज माणसाला असते, जबाबदारी माणसावर असते, अधिकार माणसाकडे असतो, परवानगी माणसाला मिळते नि साहेबाकडून मिळते. इंग्रजीतही परवानगी ‘फ्रॉम’ साहेब असते आणि जबाबदारी ‘ऑन’ माणसावर पडते. ‘वर’ आणि ‘ऑन’ इथे जुळतात, कारण दोन्ही भाषांत कर्तव्य हे ओझं आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यात वाक्यांची भाषांतरं करायची असत. ‘जबाबदारी’ला इंग्रजी शब्द कोणता हे शोधण्यापेक्षा ‘ही जबाबदारी तुझ्यावर आहे’ हे अख्खं वाक्य इंग्रजीत कसं बसतं ते पाहणं जास्त फळतं, असं माझं ठाम मत आहे.

ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर छापलेलं ‘ॲट ओनर्स रिस्क’ हे अशा वाक्यांचं सगळ्यांत आटलेलं रूप. क्रियापद नाही, मोडल नाही, कर्ताही नाही. एक प्रिपोझिशन, एक मालक आणि एक धोका. तेच शब्द पार्किंगच्या पाटीवरही असतात. पाटीवरचा ‘ओनर’ गाडीचा मालक, बिल्टीवरचा ‘ओनर’ मालाचा मालक, आणि दोन्हीकडे जागेच्या किंवा ट्रकच्या मालकाचा संबंध नाही, हे वाचणाऱ्याने स्वतः भरून घ्यायचं. मराठीत आपण ‘मालकाच्या जबाबदारीवर’ म्हणतो. ‘ॲट’च्या जागी ‘वर’ आला, आणि धोक्याच्या जागी जबाबदारी आली. नव्या मुलाला बिल्टी समजावताना या तीन शब्दांचं पूर्ण वाक्य करून द्यावं: वाटेत माल खराब झाला तर नुकसान मालाच्या मालकाने सोसायचं, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला ते भरावं लागणार नाही असं त्याचं म्हणणं आहे. त्यात ‘मालकाने’ला ‘ने’ आहे आणि ‘ट्रान्सपोर्टवाल्याला’ला ‘ला’ आहे. मग इंग्रजी वाक्य त्याचं त्याला जुळवू द्यावं: ‘द ओनर ऑफ द गुड्स मस्ट बेअर द लॉस; द ट्रान्सपोर्टर डझ नॉट हॅव टू पे फॉर इट’.